कुठली डिस्क, कुठली फाइलसिस्टिम? कमांड लाइनवरून ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि शनिवारी संध्याकाळी तिथंच चार-सहा पोरांना लिनक्स शिकवतो. दुकानात येणारे, वर्गात येणारे आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवर स्क्रीनचा फोटो पाठवून "हे काय आहे?" विचारणारे, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथं एकत्र केलेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. कमांड तुम्ही मराठीत लिहिल्यात. टाइप पण तशाच करायच्या का?

नाही. उच्चार जसा तशी लिहिलीय. "एलएसबीएलके" म्हणजे ती पाच इंग्रजी अक्षरं, सगळी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. "डॅश एफ" म्हणजे एक जागा सोडून आडवी रेघ आणि लगेच ते अक्षर. अक्षर मोठं हवं असेल तिथं "मोठा टी" असं म्हटलंय. लिनक्सला लहान-मोठ्याचा फरक कळतो, त्यामुळं तेवढं जपा.

२. पेनड्राइव्ह लावलाय. लिनक्सला तो कुठल्या नावानं दिसतोय हे कसं बघायचं?

आधी पेनड्राइव्ह काढा. एलएसबीएलके, म्हणजे लागलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड, चालवा. मग लावा, दोन-तीन सेकंद थांबा आणि परत चालवा. दुसऱ्या वेळी जी ओळ नवीन दिसली ती तुमची. दुकानातल्या मशिनवर मला असं दिसतं (सोयीसाठी दोन रकाने गाळलेत):

```
एसडीए       ०   ४६५.८जी   डिस्क
├─एसडीए१    ०   ५१२एम     पार्ट   /बूट/ईएफआय
└─एसडीए२    ०   ४६५.३जी   पार्ट   /
एसडीबी       १   २८.९जी    डिस्क
└─एसडीबी१    १   २८.९जी    पार्ट   /मीडिया/दुकान/फोटो
```

नावानंतरचा ० किंवा १ हा "आरएम" रकाना, म्हणजे काढता-घालता येणारं साधन आहे का ते. पेनड्राइव्हला इथं १ येतो. पण यूएसबीची मोठी हार्ड डिस्क लावली तर तिला बहुतेक वेळा ० च येतो, म्हणून एकट्या त्या आकड्यावर विसंबू नका. शेवटचा रकाना ती कुठं माउंट झालीय, म्हणजे कुठल्या फोल्डरला जोडलीय, ते सांगतो. ज्या डिस्कच्या पार्टिशनसमोर (पार्टिशन म्हणजे काय ते प्रश्न ६ मध्ये) नुसती तिरकी रेघ आहे, तिच्यावर तुमची चालू सिस्टिम आहे. तिला हात लावायचा नाही.

आणखी खात्री हवी असेल तर एलएसबीएलके डॅश डी डॅश ओ, आणि पुढं स्वल्पविराम देऊन नेम, साइझ, मॉडेल, सीरियल, ट्रॅन हे रकाने मागा. "ट्रॅन" मध्ये यूएसबी, साटा की एनव्हीएमई ते कळतं. मॉडेल आणि सीरियल क्रमांक डिस्कच्या स्टिकरवर पण छापलेला असतो. हातातल्या वस्तूवरचा नंबर आणि पडद्यावरचा नंबर जुळला की मग शंका उरत नाही.

दुसरी वाट म्हणजे सुडो (पुढची कमांड प्रशासकाच्या हक्कानं चालवणारा शब्द) आणि पुढं डीएमईएसजी डॅश डब्ल्यू चालवून ठेवायचं आणि मग पेनड्राइव्ह खोचायचा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय बडबडतंय ते समोर दिसतं. पेनड्राइव्ह सैल असेल तर तो लागतोय-सुटतोय हेही तिथंच उघडं पडतं.

३. एसडीए, एसडीबी, एनव्हीएमई०एन१पी२, एमएमसीबीएलके०... या नावांचा अर्थ काय?

"एसडी" मूळचं स्कझी डिस्कसाठी. आता साटा आणि यूएसबी डिस्कही त्याच नावानं येतात. पुढचं अक्षर सापडण्याच्या क्रमानं: ए, बी, सी. झेड संपला की एए. त्यानंतरचा आकडा पार्टिशनचा.

एनव्हीएमई०एन१पी२ लांब दिसतं, पण सरळ आहे: पहिला म्हणजे शून्य क्रमांकाचा कंट्रोलर, त्यातली १ नंबरची नेमस्पेस, तिच्यातलं २ नंबरचं पार्टिशन. डिस्कचं नावच आकड्यानं संपत असल्यामुळं मध्ये "पी" घालावा लागतो, नाहीतर डिस्कचा आकडा कुठं संपला आणि पार्टिशनचा कुठं सुरू झाला कळणार नाही. एमएमसीबीएलके म्हणजे एसडी कार्ड किंवा स्वस्त लॅपटॉपमधली सोल्डर केलेली मेमरी. एसआर० म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह. व्हीडीए दिसलं तर तुम्ही व्हर्च्युअल मशिनमध्ये आहात. डीएम-० बद्दल प्रश्न १५, लूपबद्दल प्रश्न १२.

४. काल माझा पेनड्राइव्ह एसडीबी होता. आजही एसडीबीच असणार ना?

असं गृहीत धरून मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एसडीबी हे नाव म्हणजे एसटीतली सीट. मध्यवर्ती बसस्थानकावर जो आधी चढला त्याला पुढची मिळाली, उद्या दुसराच कोणी आधी चढेल. कर्नलला जी डिस्क आधी सापडते तिला आधीचं अक्षर. मशिन परत चालू केलं, यूएसबीचा हब बदलला, एखादी डिस्क सावकाश जागी झाली, की क्रम बदलला.

त्या दिवशी लाइट जाऊन आली होती. आदल्या संध्याकाळी मी पेनड्राइव्हवर लिनक्सची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायच्या पूर्ण डिस्कची एक फाइल, लिहिली होती, तेव्हा पेनड्राइव्ह एसडीबी आणि बॅकअपची हार्ड डिस्क एसडीसी होती. सकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तेच करायचं होतं. टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबला, कालची डीडीची (बाइट जसेच्या तसे डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडची) ओळ आली, एंटर मारला आणि चहा घ्यायला वळलो. वळताना नजर गेली: पेनड्राइव्हचा निळा दिवा गप्प, आणि बॅकअप डिस्कचा पांढरा दिवा फडफडतोय. कंट्रोल-सी मारेपर्यंत डिस्कची सुरुवात, म्हणजे पार्टिशन टेबल आणि त्यापुढचा बराच भाग, गेला होता. फोटोरेक हा गेलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवून पुष्कळ फोटो परत मिळाले, पण फाइलींची नावं आणि फोल्डर काही मिळाले नाहीत. अजून मी ते फोटो अधूनमधून लावत बसतो.

तेव्हापासून लिहिण्याच्या कामासाठी मी एसडीबी हे नाव वापरत नाही. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरमध्ये प्रत्येक डिस्कची मॉडेल आणि सीरियल मिळून बनलेली लांबलचक नावं असतात. ती खोचण्याच्या क्रमानं बदलत नाहीत. एलएस डॅश एल लावून तो फोल्डर बघितला की कुठलं नाव आत्ता कुठल्या एसडी-कडे बोट दाखवतंय ते दिसतं. डीडीला तेच लांब नाव द्यायचं. टाइप करायला कंटाळा येतो, तर टॅब दाबा. आणि हो, डीडीची ओळ वरच्या बाणानं परत चालवायची नाही.

एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशिन चालू होताना काय कुठं माउंट करायचं त्या यादीतसुद्धा, एसडीबी१ असं लिहू नका. यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा. यूएसबीची डिस्क असेल तर सोबत "नोफेल" घाला. नाहीतर डिस्क लावलेली नसताना मशिन दीड मिनिट वाट बघत बसतं आणि मग आणीबाणीच्या मोडमध्ये जातं.

५. १ टीबीची डिस्क घेतली, कमांड ९३१ जीबी दाखवते. दुकानदारानं गंडवलं का?

नाही. खोक्यावरचा १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं इतके बाइट. एलएसबीएलके १०२४ च्या पटीत मोजतं. तेवढेच बाइट १०२४ नं तीनदा भागले की ९३१ येतात. ५०० जीबीचे ४६५ त्याच हिशोबानं. डीएफ ही किती जागा भरली-उरली ते दाखवणारी कमांड. तिला लहान एच दिला तर १०२४, मोठा एच दिला तर १००० चा हिशोब.

डीएफमध्ये त्याहूनही कमी दिसत असेल तर कारण वेगळं. ईएक्सटी४ मध्ये फॉर्मॅट करताना ५ टक्के जागा मूळ प्रशासकासाठी, म्हणजे रूटसाठी, राखून ठेवलेली असते. नुसत्या फोटो-व्हिडिओच्या डिस्कवर तिची गरज नसते. ट्यून२एफएस डॅश एम देऊन ती कमी करता येते.

खरोखरच गंडवलं जाण्याचा प्रकार वेगळा आहे, तो प्रश्न १९ मध्ये.

६. डिस्क, पार्टिशन, फाइलसिस्टिम हे सगळं एकच नाही का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मे घोळ इथंच होतात. डिस्क म्हणजे वस्तू, एसडीबी. पार्टिशन म्हणजे त्या वस्तूवर आखलेली हद्द, एसडीबी१. फाइलसिस्टिम म्हणजे त्या हद्दीच्या आत फाइली कशा मांडायच्या याची पद्धत: ईएक्सटी४, एनटीएफएस, एक्सफॅट वगैरे. म्हणजे प्लॉट, सातबारा आणि आतलं घर. सातबाऱ्यावर एक लिहिलेलं आणि जागेवर दुसरंच उभं, हे आपल्याकडं कोणाला नवीन नाही. डिस्कवर पण होतं, प्रश्न ९ बघा.

हद्दी आखायच्या दोन पद्धती. जुनी एमबीआर, तिच्यात मुख्य पार्टिशनं चारच, आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरला २ टीबीच्या पुढं हिशोबच जात नाही. नवी जीपीटी (चॅटवाली नव्हे), तिच्यात सहसा १२८ पार्टिशनांची सोय असते. कुठली आहे ते सुडो एफडिस्क डॅश एल मध्ये "डिस्कलेबल टाइप" या ओळीत कळतं. "डॉस" म्हणजे एमबीआर.

७. मग फाइलसिस्टिम कुठली आहे हे कुठल्या कमांडनं बघायचं?

रोजच्या कामाला एलएसबीएलके डॅश एफ पुरतं. फाइलसिस्टिमचा प्रकार, तिची आवृत्ती, लेबल, यूयूआयडी, उरलेली जागा, सगळं एका तक्त्यात. डिस्क माउंट झालेली नसली तरी चालतं, हा मोठा फायदा. डीएफ डॅश एच मोठा टी फक्त माउंट झालेल्याच दाखवतं.

शंका आली तर सुडो बीएलकेआयडी डॅश पी आणि पुढं पार्टिशनचं नाव. डॅश पी दिला की ते आधी लिहून ठेवलेलं न बघता थेट डिस्कवरचे बाइट वाचतं. तिसरा साक्षीदार हवा असेल तर सुडो फाइल डॅश एस.

या कमांड ओळखतात कशा? प्रत्येक फाइलसिस्टिम ठराविक जागी आपली खूण ठेवते. ईएक्सटी कुटुंबाची खूण पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०८० व्या बाइटला असते, सोळाच्या पद्धतीत ईएफ५३. एक्सएफएस अगदी पहिल्याच चार बाइटला आपलं नाव लिहितं. एनटीएफएस आणि एक्सफॅट तीन बाइट सोडून. खूण जाग्यावर असेल तर नाव सांगता येतं. पण खूण सापडली म्हणजे आतला डेटा धड आहे असं नाही, फक्त पाटी शाबूत आहे एवढंच.

यूयूआयडीच्या लांबीवरून पण अंदाज येतो. मध्ये एक रेघ आणि दोन्हीकडं चार-चार अक्षरं असतील तर फॅट किंवा एक्सफॅट. सलग सोळा अक्षरं असतील तर एनटीएफएस. रेघांसकट छत्तीस अक्षरं असतील तर ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस यांपैकी काहीतरी.

८. बीएलकेआयडी चालवलं तर काहीच येत नाही, किंवा जुनीच माहिती येते.

सुडो विसरलात. साध्या वापरकर्त्याला डिस्कचे बाइट थेट वाचता येत नाहीत, म्हणून ते आपल्या साठवणीतलं, म्हणजे कॅशमधलं, जे असेल ते दाखवतं. कधी शिळं, कधी काहीच नाही. एलएसबीएलकेला सुडो लागत नाही कारण ते यूडेव्हनं, म्हणजे लागलेल्या साधनांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमनं, आधीच गोळा केलेली माहिती वाचतं. पण म्हणूनच डॉकरसारख्या कंटेनरमध्ये, जिथं यूडेव्ह नाही, तिथं एलएसबीएलके डॅश एफ चे रकाने रिकामे दिसू शकतात.

९. एफडिस्क म्हणतं एनटीएफएस, बीएलकेआयडी म्हणतं एक्सफॅट. खरं कोण?

बीएलकेआयडी.

एफडिस्क सातबारा वाचतं, बीएलकेआयडी घरात डोकावतं. एमबीआर टेबलमध्ये प्रत्येक पार्टिशनला एका बाइटचा प्रकार-आकडा असतो. ७ हा आकडा एनटीएफएस आणि एक्सफॅट दोघांचा सामाईक आहे, आणि त्याआधीच्या एचपीएफएसचाही. एफडिस्क बिचारं तिन्ही नावं तिरक्या रेघा देऊन छापतं आणि आपण मधलं एकच वाचतो. जीपीटीत पण "मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा" असं दिसतं, त्याच्या आत एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट३२ काहीही असेल. इतकंच काय, "लिनक्स" असा प्रकार दिलेल्या पार्टिशनवर तुम्ही एनटीएफएस फॉर्मॅट केलंत तरी एफडिस्क "लिनक्स"च म्हणत राहील, कारण फॉर्मॅट करणारी कमांड सातबाऱ्याला हात लावत नाही.

१०. डीएफमध्ये "फ्यूजबीएलके" दिसतंय. ही कुठली फाइलसिस्टिम?

ही फाइलसिस्टिमच नाही. जुन्या पद्धतीत एनटीएफएस ही कर्नलच्या बाहेर चालणाऱ्या एनटीएफएस-३जी नावाच्या प्रोग्रॅमकडून वाचली जायची, अजूनही बऱ्याच ठिकाणी वाचली जाते. डीएफला फक्त मधला दलाल दिसतो, त्याचं नाव ते सांगतं. एलएसबीएलके डॅश एफ विचारा, ते एनटीएफएस म्हणेल. कर्नल ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, एनटीएफएस३ नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आलाय. तो वापरात असेल तर डीएफमध्ये "एनटीएफएस३" दिसतं.

अशीच दुसरी फसगत: स्टॅट डॅश एफ ला विचारलं तर ईएक्सटी४ ला ते "ईएक्सटी२/ईएक्सटी३" म्हणतं. कारण तिघांची खूण एकच, प्रश्न ७ मधली ईएफ५३, आणि स्टॅट तेवढीच बघून थांबतं. बीएलकेआयडी पुढं जाऊन कुठल्या सोयी चालू आहेत ते तपासतं, म्हणून त्याला फरक कळतो. वर्गातल्या एका पोरानं या स्टॅटच्या भरवशावर "माझं उबुंटू जुनं आहे, ईएक्सटी३ वर चाललंय" म्हणून सगळी सिस्टिम परत टाकायची तयारी केली होती.

११. पेनड्राइव्हवर १६ जीबी मोकळी आहे, तरी लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ कॉपी होत नाही.

एलएसबीएलके डॅश एफ मध्ये "व्हीफॅट" आणि आवृत्तीत "फॅट३२" दिसेल. फॅट३२ मध्ये एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी. जागा कितीही असो. एक्सफॅटनं फॉर्मॅट करा, अर्थात आधी आतलं दुसरीकडं काढून. स्टुडिओवाल्यांच्या कॅमेऱ्यातली ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं मुळातच एक्सफॅट असतात, एसडीएक्ससी कार्डाचं मानकच तसं आहे. एक्सफॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये खुला केला आणि त्याच वर्षी कर्नल ५.४ मध्ये तिचा ड्रायव्हर आला. त्याआधीच्या लिनक्सवर कार्ड उघडत नसेल तर कार्डाला दोष देऊ नका.

१२. लूप०, लूप१, लूप२... एवढ्या डिस्क माझ्या मशिनमध्ये आहेत?

नाहीत. उबुंटूवर स्नॅप पद्धतीनं टाकलेलं प्रत्येक ॲप ही एक बंद फाइल असते, ती डिस्क असल्यासारखी माउंट होते. फाइलसिस्टिम स्क्वॉशएफएस, फक्त वाचायची, म्हणून डीएफमध्ये ती कायम १०० टक्के भरलेली दिसते. घाबरून काही पुसू नका. एलएसबीएलके डॅश ई ७ दिलं की ती सगळी यादीतून जातात, कारण लूपचा मेजर क्रमांक ७.

१३. वस्तू लावलीय पण एलएसबीएलकेमध्ये येतच नाही.

आधी एलएसयूएसबी बघा. तिथंही नसेल तर केबल, पोर्ट किंवा वस्तूच गेलेली. कित्येक चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतातच, ती शंका पहिली घ्या.

एलएसयूएसबीमध्ये आहे पण इथं नाही, तर दोन शक्यता. एक, तो मोबाइल आहे. अँड्रॉइड फोन एमटीपीनं फाइली देतो, डिस्क म्हणून उभाच राहत नाही, त्यामुळं त्याला एसडी-काहीतरी हे नाव मिळणार नाही. दोन, कार्ड रीडर आहे पण कार्ड नीट बसलेलं नाही. शून्य आकाराची साधनं एलएसबीएलके सहसा लपवतं, डॅश ए दिलं की दाखवतं. कार्ड बसलेलं असून ० बी दिसत असेल, किंवा पेनड्राइव्हच ० बी म्हणत असेल, तर त्याचा कंट्रोलर मेमरीशी बोलत नाहीये. ते कमांडनं दुरुस्त होत नाही.

१४. डिस्क दिसते, आकार बरोबर, पण फाइलसिस्टिमचा रकाना रिकामा. फॉर्मॅट करू का?

थांबा. रिकामा रकाना म्हणजे "ओळखीची खूण सापडली नाही", एवढाच त्याचा अर्थ. डिस्क रिकामी आहे असा नाही.

गुजरीतून आणि महाद्वार रोडवरून माझ्याकडं सीसीटीव्हीच्या डिस्क येतात. दुकानात काहीतरी घडलेलं असतं, डीव्हीआर बंद पडलेला असतो आणि फुटेज हवं असतं. डिस्क विंडोजला लावली की ते म्हणतं फॉर्मॅट करा. लिनक्सवर रकाना रिकामा. बरेच डीव्हीआर स्वतःच्याच पद्धतीनं लिहितात, ती पद्धत नेहमीच्या कमांडना माहीत नसते. अशी डिस्क त्याच कंपनीच्या, शक्यतो त्याच मॉडेलच्या डीव्हीआरमध्ये लावायची. तिथंही "इनिशियलाइझ" विचारलं तर नाही म्हणायचं.

दुसरं कारण: तुम्ही एसडीबीच्या ओळीत बघताय आणि फाइलसिस्टिम एसडीबी१ वर आहे. डिस्कच्या ओळीत रकाना रिकामा असणं नेहमीचंच.

तिसरं कारण खरोखर बिघाडाचं: पार्टिशनची सुरुवात खराब झालीय. तिथं डीडीरेस्क्यूनं आधी पूर्ण प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा.

१५. फाइलसिस्टिमच्या जागी "क्रिप्टो लक्स", "बिटलॉकर", "एलव्हीएम२ मेंबर" येतं. हे काय?

ही घरं नाहीत, घराभोवतीची कुंपणं आहेत. खरी फाइलसिस्टिम आत आहे. लक्स म्हणजे लिनक्सचं कुलूप, क्रिप्टसेटअप ओपननं पासवर्ड देऊन उघडायचं. उघडलं की एलएसबीएलकेच्या झाडात त्याच्याखाली आणखी एक फांदी फुटते, /डेव्ह/मॅपर मधली, आणि तिचंच आतलं नाव डीएम-०. तिच्यासमोर ईएक्सटी४ वगैरे दिसेल. बिटलॉकर विंडोजचं, तेही आता क्रिप्टसेटअपला उघडता येतं, फक्त ४८ आकडी रिकव्हरी की किंवा पासवर्ड हवा. "पासवर्ड तर कधी टाकलाच नव्हता" असं म्हणणारे बरेच येतात. नव्या लॅपटॉपवर ते कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेलं असतं आणि की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, तिथं बघा.

एलव्हीएममध्ये एकेक पार्टिशन मोठ्या साठ्याचा भाग असतं. एलव्हीएस चालवून आतले विभाग बघा. "लिनक्स रेड मेंबर" दिसलं तर ती अनेक डिस्क जोडून केलेल्या संचातली आहे, एकटी डिस्क अर्धवट गोष्ट सांगणार, जोडीदार डिस्क शोधा.

१६. पेनड्राइव्हवर आयएसओ लिहिली, आता तो "आयएसओ९६६०" दाखवतो आणि जागा पण कमी. पेनड्राइव्ह गेला?

गेला नाही. आयएसओ पूर्ण डिस्कवर, म्हणजे एसडीबीवरच, लिहिली जाते. म्हणून प्रकार डिस्कच्याच ओळीत दिसतो. परत साधा करायचा तर सुडो वाइपएफएस आणि पुढं डिस्कचं नाव. नुसतं चालवलं तर ते फक्त सापडलेल्या खुणांची यादी देतं, काही पुसत नाही. डॅश ए दिलं की पुसतं. त्याआधी प्रश्न ४. मग नवीन पार्टिशन करून फॉर्मॅट.

जुन्या खुणा उरण्याचा त्रास इतरत्रही होतो. नवी फाइलसिस्टिम टाकली तरी आधीच्या झेडएफएस किंवा रेडची खूण डिस्कच्या शेवटाकडं तशीच राहू शकते. मग बीएलकेआयडी दोन साक्षी ऐकून गप्प बसतं किंवा भलतंच नाव सांगतं. वाइपएफएसची यादी इथं कामाला येते: दोन ओळी दिसल्या तर कारण सापडलं. पुसताना "बॅकअप" हा पर्याय दिला तर पुसलेले बाइट फाइलीत जपले जातात. डेटा असलेल्या डिस्कवर तो दिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

१७. क्लोन केलेली डिस्क आणि मूळ डिस्क एकत्र लावली तर गडबड होते.

होणारच. यूयूआयडी फाइलसिस्टिमच्या आत लिहिलेला असतो, क्लोनमध्ये तोही जसाच्या तसा येतो. आता एफएसटॅबनं एक यूयूआयडी मागितला तर दोघं हात वर करतात, आणि कोण निवडला जाईल याचा भरवसा नाही. एक्सएफएस सरळ माउंट व्हायलाच नकार देतं. तात्पुरतं "नोयूयूआयडी" पर्यायानं ते माउंट होतं. बीटीआरएफएसच्या दोन प्रती एकाच वेळी लावणं तर धोक्याचंच, एक काढून ठेवा.

ईएक्सटी४ च्या क्लोनला, माउंट नसताना, ट्यून२एफएस डॅश मोठा यू रँडम देऊन नवा यूयूआयडी द्या. ओळखायचंच असेल तर सीरियल क्रमांक वेगळा असतो (प्रश्न २), तो क्लोन होत नाही.

१८. आतली डिस्क एसएसडी आहे की फिरणारी, लॅपटॉप न उघडता कळेल?

एलएसबीएलके डॅश डी डॅश ओ नेम, रोटा. १ म्हणजे फिरणारी, ० म्हणजे एसएसडी. पण यूएसबीच्या खोक्यातून लावलेली एसएसडी बऱ्याचदा १ दाखवते, कारण खोक्यातली चिप खरी माहिती पुढं देत नाही. तेव्हा सुडो स्मार्टसीटीएल डॅश आय विचारा, यूएसबी असेल तर डॅश डी सॅट जोडून. फिरणारी असेल तर ५४०० किंवा ७२०० आरपीएम असा वेग लिहून येतो. जुना लॅपटॉप विकत घेताना हे दोन मिनिटांत बघून घ्या, विकणारा "एसएसडी टाकलीय" म्हणाला तरी.

१९. पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला. कमांड पण २ टीबीच दाखवते. म्हणजे खरा ना?

खोटा. आणि इथं या पानावरच्या बहुतेक सगळ्या कमांड तुम्हाला फसवतील, म्हणून नीट वाचा.

एलएसबीएलके, एफडिस्क, कोणीही आकार मोजत नाही. ते साधनाला विचारतात आणि साधन जे सांगेल ते छापतात. या पेनड्राइव्हच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत समजा ३२ जीबीच आहे. पहिले ३२ जीबी व्यवस्थित जातात, पुढचं एकतर हवेत जातं किंवा आधीच्यावरच चढतं. फाइलींची नावं दिसतात, उघडल्या की कचरा.

तपासायचा उपाय एकच: भरून बघणे. एफ३ नावाचं साधन त्यासाठीच आहे. एफ३राइट पेनड्राइव्ह भरतं, एफ३रीड परत वाचून ताळा घेतं. मोठ्या पेनड्राइव्हला तासन् तास लागतात. घाई असेल तर एफ३प्रोब लवकर उत्तर देतं, पण ते थेट साधनावर लिहितं, तेव्हा आत कामाचं काही ठेवू नका. एका फोटोग्राफर मित्राच्या अशा पेनड्राइव्हवर एफ३रीडनं शेवटी दोन ओळी छापल्या, बरोबर असलेला डेटा तीस जीबीच्या आत, हरवलेला डेटा अठराशेच्या वर. तो बराच वेळ नुसता पडद्याकडं बघत बसला. आत सुपारी फुटण्यापासूनचे फोटो होते.

२०. विंडोजवर किंवा मॅकवर असं काही आहे का?

आहे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-डिस्क आणि गेट-व्हॉल्यूम पुरे होतात, दुसरं फाइलसिस्टिम पण सांगतं. डिस्कपार्टमधलं "लिस्ट डिस्क" आणि "लिस्ट व्हॉल्यूम" निरुपद्रवी आहे, पण तिथंच "क्लीन" नावाची कमांड आहे आणि ती "नक्की ना?" असं विचारतसुद्धा नाही. नुसतं बघायला पॉवरशेलच बरं. मॅकवर डिस्कयूटिल लिस्ट. ॲपलच्या एपीएफएस या फाइलसिस्टिममुळं तिथं "सिंथेसाइज्ड" डिस्क जास्तीच्या दिसतात, त्या वेगळ्या वस्तू नव्हेत. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये एलएसबीएलके चालवलं तर दिसतात त्या आभासी डिस्क. तुमचा पेनड्राइव्ह तिथं शोधू नका.

२१. पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क वाळवून लावली तर कमांडनं कळेल का आत काय उरलंय?

हा प्रश्न २०१९ च्या ऑगस्टनंतर सुरू झाला, २०२१ च्या जुलैत परत आला, आणि पंचगंगा पात्राबाहेर आली की अजून येतो. कोणी तांदळात पुरून आणतं, कोणी गच्चीवर उन्हात ठेवून.

लावू नका. फिरणाऱ्या बहुतेक डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. वाळल्यावर चकतीवर गाळ राहतो आणि डिस्क फिरवली की वाचणारं हेड त्या गाळावरून घासतं. एकदा लावून बघायचं म्हणता, तेवढ्यात चकती खरवडली जाते. वाळवूही नका, ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबकडं द्या. एसएसडीत फिरणारं काही नाही, पण ओल्या सर्किटला वीज दिली तर तेही जळतं.

ओळख पटवायचं काम मात्र इथं आधीच करून ठेवा, आणि त्याला कमांड लागत नाही: स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा, मॉडेल आणि सीरियल क्रमांक वाचता येईल असा. भिजलेलं स्टिकर दोन दिवसांत सुटतं. एका पुरानंतर माझ्या टेबलावर एकाच व्यापाऱ्याच्या चार सारख्या डिस्क होत्या, चारही बिनस्टिकरच्या, आणि हिशोबाची कुठली ते त्यांनाही सांगता येईना.